काट्यातला पासंग आधी पाहा: सिनेमाच्या समीक्षेबद्दल विचारलंस म्हणून

तुझा प्रश्न आधी जसाच्या तसा मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कशाबद्दल बोलणं चालू आहे ते समजेल. तू एम.ए. मराठी करून राहिली, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली, लघुप्रबंधाचा विषय घेतला चित्रपट समीक्षा आणि तिचं सांस्कृतिक काम. आणि विचारलंस, "सर, ही सगळी समीक्षा शहरातल्यांनी शहरातल्यांसाठीच लिहिली असं वाटते, आमच्या तालुक्यात तर टॉकीजच उरली नाही, पोरं मोबाईलवर रिव्ह्यू पाहून मोकळी होतात, मग अभ्यासकांचं हे सगळं आमच्या काय कामाचं? आणि मी लिहू काय?"

उत्तर लांब होणार, चहा मांडून बस. मी तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवलं, जिल्ह्याच्या पेपरात बरीच वर्षं सिनेमाचं सदर चालवलं, आणि मित्रांच्या नादानं एक चित्रपट मंडळ काढलं जे कधी पंधरा माणसात चाललं तर कधी दीडशेत. म्हणजे मी विद्वान नाही, पण विद्वानांचं लिहिलेलं गावात नेऊन वापरून पाहिलेला माणूस आहे. त्यातलं काय टिकलं अन् काय फुस्स झालं ते सांगू शकतो.

सुरुवात आपल्याच घरातून करू. कुसुमावती देशपांडे अमरावतीच्या, १९०४ चा जन्म, नागपूरला इंग्रजी शिकवायच्या, आणि १९६१ ला ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, त्या मानाच्या पहिल्या बाई. सिनेमाबद्दल नाही, साहित्याबद्दल लिहायच्या. पण त्यांच्या समीक्षालेखांच्या पुस्तकाचं नाव 'पासंग' आहे, आणि मला वाटते समीक्षेबद्दलचं निम्मं शहाणपण त्या एका शब्दात आहे. पासंग तुला माहीतच असेल, तरी सांगतो, आता इलेक्ट्रॉनिक काटे आले. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असताना एक पारडं खाली झुकते ना, मग दुसऱ्या बाजूला एखादा खडा नाहीतर चिंधी बांधून ते सम करतात, तो पासंग. म्हणजे माल तोलायच्या आधी काट्यातला दोष काढायचा. आपण म्हणतो ना, "तो याच्या पासंगालाही पुरणार नाही", तो शब्द हाच.

सिनेमाच्या समीक्षेत माझ्या हिशोबानं हेच पहिलं काम आहे, की मी जो तोलून राहिलो त्याचा काटा कुठे झुकलेला आहे. तू म्हणते समीक्षा शहरी आहे. आहे ना. कलकत्त्याची फिल्म सोसायटी १९४७ ची, सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता वगैरे मंडळींची. देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ १९५९ ला झाला, राय अध्यक्ष. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६०, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४, मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८. सगळे मोठ्या शहरातले पत्ते. पण यांना शिव्या देऊन मोकळं होऊ नको, कारण सिनेमा गोष्टीच्या पलीकडे जाऊन पाहता येते, उजेड कुठून येतो, कॅमेरा कोणाच्या उंचीवर ठेवला, कट कुठे मारला, हे आपल्याला शिकवलं ते याच लोकांनी. आमचं मंडळही त्याच उष्ट्यावर वाढलं. सोळा एमएमच्या प्रिंटची पेटी यायची, स्टँडवर हमाल विचारायचा यात काय आहे, आम्ही म्हणायचो पिक्चर आहे, तर तो म्हणे, "मंग पोस्टर कुठे हाय?" पोस्टर नसलेला पिक्चर त्याच्या बुद्धीत बसतच नव्हता.

आणि तुझ्या संदर्भयादीत एक नाव नक्की येणार, आंद्रे बाझँ. फ्रेंच समीक्षक, सिनेमाबद्दलचं 'काये द्यु सिनेमा' हे मासिक फ्रान्समध्ये १९५१ ला निघालं त्याच्या संस्थापकांपैकी एक. पुस्तकात त्याचे सिद्धांत असतात, लांब शॉट, वास्तववाद वगैरे, ते तू वाचशीलच. पण मला तो माणूस जवळचा वाटला तो वेगळ्याच कारणानं, युद्ध संपल्यावर हा बाबा कारखान्यातल्या कामगारांना सिनेमे दाखवायचा आणि नंतर त्यांच्याशी बोलत बसायचा. चाळिसाव्या वर्षी गेला, १९५८ ला. त्याचं म्हणणं साधारण असं, की समीक्षकानं ताटात वाढून सत्य द्यायचं नसते, सिनेमाचा जो परिणाम झाला तो वाचणाऱ्याच्या मनात जितका लांबवता येईल तितका लांबवायचा. हे वाचल्यावर मला हायसं वाटलं होतं, कारण तोपर्यंत मी समीक्षा म्हणजे मार्क देणं समजून राहिलो होतो.

आता गावाकडे येऊ. तुला वाटते गावात समीक्षा नव्हती. अगं, होती, फक्त लिहिलेली नव्हती.

मी लहान असताना जत्रेत टुरिंग टॉकीज यायची. आमच्याकडे पैसे असले तर कनातीच्या आत, नाहीतर बाहेरून. आणि मोकळ्या मैदानात कधी गणपतीत पडदा लावला तर गर्दी इतकी व्हायची की निम्मे लोक पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचे. पातळ पांढरं कापड, दोन्हीकडून चित्र दिसायचं, पण मागून सगळं उलटं. नावं उलटी, हिरो डावखोरा. मी किती तरी पिक्चर असे पाहिले आणि शाळेत एका पोट्ट्याशी भांडलो होतो की हिरो डाव्या हातानंच मारते म्हणून. तो सरळ बाजूला बसला होता, त्याच्या बापाची पाटीलकी. दोघंही खरं बोलत होतो. पुढे स्टुअर्ट हॉल वाचला, ब्रिटनमधला संस्कृतीचा अभ्यासक, १९७३ चं त्याचं ते लेखन, की बनवणारा एक अर्थ भरून पाठवते पण पाहणारा आपल्या जागेवरून तो उलगडते, कोणी जसाच्या तसा घेते, कोणी थोडं मान्य थोडं अमान्य करते, कोणी पूर्ण उलटा लावते. मी म्हटलं हे तर आपण जत्रेत पाहिलेलं. कोणाला कोणत्या बाजूला बसायला मिळालं हे आधी विचारायचं असते.

हॉलचा तो मधला प्रकार, थोडं मान्य थोडं अमान्य, तो आपल्याकडे लय सापडते. हिंदी पिक्चरमधला सावकार घे. मिशा, वही, खदाखदा हसणं, समीक्षक लिहितात शोषणाचं प्रतीक, बरोबरच आहे. आमच्या मंडळात असाच एक जुना पिक्चर दाखवला तर एक म्हातारबा म्हणाले, "सावकार खराब हायच, म्या कुठं नाही म्हनतो. पन रातच्या बारा वाजता दवाखान्यासाठी पैसे कोन देते? ब्यांक?" सगळे हसले. मी नाही हसू शकलो, कारण मी तोपर्यंत सावकारावर दोन लेख लिहून बसलो होतो आणि रात्रीचे बारा त्यात कुठेच नव्हते.

दुसरी समीक्षा धंद्यातली. आपल्या भागाचं सिनेमा वितरणातलं नाव अजून सीपी-बेरार, म्हणजे इंग्रजांच्या वेळचा मध्यप्रांत-वऱ्हाड, देशाचा नकाशा बदलला तरी सिनेमाच्या धंद्यानं जुना प्रांत काही सोडला नाही, आणि वितरकांची ऑफिसं अमरावतीला. तिथे समीक्षेला म्हणतात 'रिपोर्ट'. "रिपोर्ट काय आहे?" एवढाच प्रश्न. चांगला, बसला, लेडीज आहे (म्हणजे बाया येतील), पहिला आठवडा काढीन, मग उतरीन. एका ओळीत निकाल. मी आधी या लोकांकडे नाक मुरडून पाहायचो, नंतर समजलं की "लेडीज आहे" या दोन शब्दांत प्रेक्षकाबद्दल जे निरीक्षण आहे ते माझ्या आठशे शब्दांच्या सदरात नव्हतं. पेपरातला माझा लेख यायचा रविवारी, टॉकीजवाल्याचा निर्णय शुक्रवारी रात्रीच झालेला असायचा.

त्यात अजून एक गंमत. मुंबईचे पेपर आमच्याकडे दुसऱ्या दिवशी यायचे आणि पिक्चर यायचा चार-सहा महिन्यांनी, कित्येक तर आलेच नाही. म्हणजे आम्ही न पाहिलेल्या सिनेमाची समीक्षा वाचून मोठे झालो. बाबूराव पटेलांचं 'फिल्मइंडिया' हे सिनेमाचं मासिक १९३५ पासूनचं, त्याचे जुने अंक एका वकिलाच्या माळ्यावर सापडले होते, ते आम्ही कादंबरीसारखे वाचले, त्यातले निम्मे सिनेमे कुठे पाहायला मिळणार होते? समीक्षेचं सांस्कृतिक काम म्हणते ना तू, त्यातलं एक हे लिहून ठेव, जिथे सिनेमा पोचत नाही तिथे समीक्षा पोचते, आणि न पाहिलेल्या गोष्टीची एक कल्पना, एक हाव तयार करते. यावर कोणी फार काम केलेलं माझ्या वाचनात नाही, तुला करता येईल.

आता माझी चूक सांगतो, ती तुझ्या प्रबंधिकेला सगळ्यात कामाची.

कापसाच्या पट्ट्यातल्या आत्महत्यांवर बरेच सिनेमे झाले. 'गाभ्रीचा पाऊस' २००९ चा, नावातच वऱ्हाडी शिवी, तो तर तू पाहिलाच असशील. त्याआधीनंतरचे अजून काही. त्यातलाच एक, नाव नाही घेत कारण बनवणारी पोरं मनानं चांगली होती, मी सदरात डोक्यावर घेतला होता. 'अस्सल', 'मातीतला', 'काळीज चिरणारा वास्तववाद', असे सगळे शब्द वापरून झाले होते माझे. मग आम्ही तो एका गावात शाळेच्या वऱ्हांड्यात दाखवला. प्रोजेक्टर, चादर, दोन स्पीकर, लाईट दोनदा गेली. संपल्यावर मी उभा राहिलो आणि वास्तववादावर बोलायला लागलो. मागून एक बाई म्हणाली, "गुरुजी, पऱ्हाटीले बोंडं फुटलेली अन् हे बाई निंदून रायली व्हय?"

बघ आता. बोंडं फुटतात दिवाळीच्या आसपास, निंदण, म्हणजे तण काढणं, त्याच्या कितीतरी आधीचं. पिकात तसा शॉट होऊच शकत नाही. शूटिंगच्या सोयीनं घेतला असणार, फुटलेला पांढरा कापूस कॅमेऱ्यात दिसतेही छान. ज्या सीनला मी 'अस्सल' म्हटलं होतं नेमका तोच. मग तोंड उघडलंच होतं तर बाकीच्याही बोलल्या, वेचणी सुरू करायच्या दिवशी सीतादहीची पूजा करतात ते नाही दाखवलं, वेचलेला कापूस ठेवायची ओटी अशी बांधली तर दोन तासात कंबर जाईन, वगैरे. हे तपशील झाले, यात हसून घेता येते. पण शेवटी एक बाई बोलली, तिचा नवरा गेला होता, गावात सगळ्यांना माहीत होतं, मला नव्हतं. ती म्हणाली, "समदं दाखोलं. झाड दाखोलं, दोरी दाखोली, पोलीस दाखोले, रडनं दाखोलं. पन तेरवी झाल्यावर बाई दुसऱ्या दिवशी निंदाले गेली ते नाही दाखोलं."

मी त्या दिवशी समीक्षेवर पुढे काहीच बोललो नाही. घरी येताना एसटीत विचार करत होतो की या एका वाक्यात जे आहे ते काय आहे. ती सिनेमा खोटा आहे म्हणत नव्हती. ती सांगत होती की गोष्ट संपवली कुठे. मरणावर संपवली म्हणजे गोष्ट नवऱ्याची झाली, दुसऱ्या दिवशीच्या निंदणावर संपवली असती तर बाईची झाली असती. हा कथनाचा मुद्दा आहे, नजरेचा आहे, राजकारणाचाही आहे, आणि यासाठी मला पुस्तकं उघडावी लागली, तिला नाही लागली.

म्हणून मी म्हणतो अभ्यासकांचं सगळं आपल्या कामाचं आहे, पण या क्रमानं. आधी ती बाई, मग पुस्तक. लॉरा मल्व्ही या इंग्लंडमधल्या सिनेमा अभ्यासक बाईचा १९७५ चा निबंध सगळे उद्धृत करतात, पडद्यावरची बाई पाहिली जाण्यासाठी असते आणि कॅमेरा पुरुषाच्या डोळ्यानं पाहते, हा त्याचा गाभा. बरोबर आहे. पण तिला लोकांनी विचारलं की बाई प्रेक्षकाचं काय, तर तिनं १९८१ मध्ये त्यावर पुन्हा लिहिलं, हे बहुतेक प्रबंधात नसते. आणि बेल हुक्स, अमेरिकेतली काळी लेखिका, १९९२ मध्ये म्हणते की ज्यांना नजर वर करून पाहायचीच बंदी होती त्यांच्या पाहण्यातून विरोधी पाहणं घडू शकते. आपल्याकडे कनातीत दोरी लावून बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. माझी आई सांगायची, पुरुषांकडून शिट्टी यायची त्या गाण्यात बायकांकडून हसू यायचं, कारण त्यांचं लक्ष हिरोइनच्या कमरेवर नसायचं, मागे उभ्या सासूच्या तोंडाकडे असायचं. आता मल्व्ही, हुक्स आणि माझी आई एका पानावर आणता आली तर तो प्रबंध. नुसत्या मल्व्हीचा सारांश लिहिला तर ती गाईड झाली, परीक्षेची.

अजून एक कबुली. १९९१ ला 'माहेरची साडी' आला. आमच्या तालुक्याच्या टॉकीजला ट्रॉल्या भरभरून बाया यायच्या, सोबत भाकरी बांधून. आणि मी सदरात त्याची यथेच्छ टिंगल केली, रुमाल घेऊन जा, बादली घेऊन जा, असलं. तेव्हा लय हुशार वाटलं होतं. बोर्द्यू नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ १९७९ च्या पुस्तकात मांडते की आवड ही नुसती आवड नसते, तिच्यातून माणूस आपला वर्ग दाखवत असते, काय आवडत नाही यातून तर जास्तच. मी ते वाचलं तेव्हा मला माझाच लेख आठवला. शेतकऱ्याचा पोरगा, नवीन नवीन प्राध्यापक झालेला, मी त्या ट्रॉलीतल्या बायांपासून किती लांब आलो हेच तर दाखवत होतो, आणि ट्रॉलीत माझी मावशी होती. मेलोड्रामावर पीटर ब्रुक्सचं १९७६ चं पुस्तक आहे, ते म्हणते जिथे देवाधर्माची जुनी घडी विस्कटली तिथे चांगलं-वाईट ठसठशीत दिसावं म्हणून हा प्रकार येते. सगळं पटत नाही मला, पण टिंगलीपेक्षा बरं. माहेर या गोष्टीला जमिनीच्या वाटण्या, हुंडा, भावाचं घर या सगळ्याचं ओझं आहे, त्यावर बाया तीन तास एकत्र बसून जाहीर रडून राहिल्या, हे केवढं सांस्कृतिक प्रकरण होतं आणि मी बादलीचा जोक करून बसलो. माझ्या काट्यातला पासंग हा असा होता.

आशिस नंदींनी लोकप्रिय हिंदी सिनेमाला झोपडपट्टीच्या नजरेतून दिसणारं राजकारण म्हटलं, १९९८ चं पुस्तक, त्याच वर्षी माधव प्रसादांनी हिंदी सिनेमाच्या विचारसरणीवर लिहिलं, त्यात सरंजामी कुटुंब अन् आधुनिक राज्य कसं एकमेकाशी सांभाळून घेते ते आहे. दोन्ही वाच, भांडत वाच. नंदींच्या मांडणीत शहराची वस्ती आहे, आपल्या गावठाणाची नजर त्याहून वेगळी निघेल असं मला वाटते.

आता 'फँड्री', २०१३, जातीवरचा सिनेमा. त्याबद्दल थोडं जास्त बोलतो कारण समीक्षेचं काम काय हे त्यात दिसते. त्यातल्या पोरानं मारलेला शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येते, यावर सगळ्यांनी लिहिलं. डुक्कर बांधून नेताना शाळेच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रं, यावरही लिहिलं. आम्ही तो दाखवला तेव्हा खाली दोन गट बसले होते, ठरवून नाही, आपल्या गावात बसतातच तसे. दगड आला तेव्हा एका बाजूला शांतता अन् दुसऱ्या बाजूला टाळी. नंतर चर्चेत शांत बसलेल्यातला एक पोरगा म्हणाला की हे सगळं नगर-सोलापूरकडं होते, आपल्या गावात असं नाही. दुसऱ्या बाजूचा एक जण एवढंच बोलला, "भाऊ, भिंतीवर गाडगेबाबा व्हते. ते तर आपलेच ना? शेंडगावचे." झालं. शेंडगाव अमरावती जिल्ह्यातलं, अंजनगाव सुर्जीजवळ. एका वाक्यात सिनेमा तिकडून उचलून इकडे आणून ठेवला त्यानं. बाझँ परिणाम लांबवणं म्हणते ते हे.

आणि गाडगेबाबांचं नाव निघालंच तर, चर्चा कशी घ्यायची हे मी कोणत्याही फिल्म कोर्सपेक्षा बाबांच्या कीर्तनाच्या वर्णनावरून शिकलो. ते स्वतः बोलत कमी, विचारत जास्त, समोरच्याकडून उत्तर काढून घेत, आणि त्या उत्तरावरच पुढचा प्रश्न. मीही मग सिनेमा संपल्यावर व्याख्यान देणं बंद केलं.

झाडीपट्टीकडेही, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यात, एकदा जाऊन ये, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला. दिवाळी ते होळी तिकडे रात्रभराची नाटकं चालतात, शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला धरून, कंपन्यांची ऑफिसं वडशात. २०२३ ला परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा बाकी महाराष्ट्राला हे नाव कळलं. तिथली समीक्षा पाय करतात. प्रसंग ढिला पडला की माणूस उठून चहाच्या दुकानावर जाते, आवडला की पहाटेपर्यंत थंडीत घोंगडं पांघरून बसते, आणि पुढच्या वर्षी कोणती कंपनी बोलवायची हे गावातले आयोजक ते पाहूनच ठरवतात. सिनेमाचा विषय असून नाटकाकडे कशाला जा म्हणतो, तर प्रेक्षक पाहायला शिकायला. पडद्याकडे पाठ करून बस एकदा, लोकांच्या तोंडाकडे पाहत. लय समजते.

भाषेचा मुद्दा मात्र सोडू नको. मराठी पडद्यावर वऱ्हाडी बोलणारा माणूस बहुतेक वेळा हसवायला येते. नोकर, भोळा मामा, येडपट मित्र. हिरोचं प्रेम, दुःख, विचार सगळं पुणेरी प्रमाण मराठीत अन् आपलं 'कायले बे' टाळीसाठी. परीक्षणात त्याला लिहितात 'वैदर्भीय ठसक्याची धमाल'. मीही लिहिलं आहे, लाज वाटते. 'झुंड' हा हिंदी पिक्चर २०२२ ला आला, नागपूरच्या वस्तीतल्या पोट्ट्यांचा, तेव्हा पहिल्यांदा आमच्याकडची कॉलेजची पोरं म्हणाली की सर, हे आपल्यासारखं बोलतात पण कोणी हसून नाही राहिलं. यावर एक प्रकरण सहज होते.

यूट्यूबवाल्यांबद्दल. मला त्यांचा राग नाही. ते सांगतात पिक्चर पाहायचा की नाही, दोनशे रुपये वाचवतात, ते अमरावतीच्या 'रिपोर्ट'चंच नवं रूप आहे. रिव्ह्यू हा सिनेमा पाहायच्या आधीचा, समीक्षा ही सिनेमा पाहून झाल्यानंतरची, एवढा फरक लक्षात ठेवला की भांडण उरत नाही. पैसे घेऊन रिव्ह्यू करतात म्हणून ओरड होते, तर माझ्याही पेपरात एका सिनेमाची अर्धं पान जाहिरात होती त्या आठवड्यात माझ्या लेखातला शेवटचा परिच्छेद जागेअभावी गळला होता. जागा नेमकी तिथेच कशी कमी पडली देव जाणे. मला जास्त खटकतात ते मार्कासारखे द्यायचे स्टार. एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात, म्हणजे कापूस सरकारलाच विकावा लागायचा तेव्हा, बाप गाडी घेऊन केंद्रावर रांगेत, दोन दोन दिवस, आणि ग्रेडर येऊन मूठभर कापूस हातात घेऊन धागा ओढून पाहून ग्रेड सांगून निघून जायचा. ग्रेड का पाडली, विचारायची सोय नाही. साडेतीन स्टार पाहिले की मला तो ग्रेडर आठवते. कारण सांगत नसेल तर ती समीक्षा नाही, खरेदी आहे.

आता तू काय करायचं. एकच सिनेमा घे, दोन गावं घे, नाहीतर एकाच गावातले दोन मोहल्ले. लोकांना "आवडला का" विचारू नको, सगळे हो म्हणतात, तू मास्तरीण वाटतेस त्यांना. त्याऐवजी म्हण, "मी नाही पाहिला, मला गोष्ट सांगा." माणूस गोष्ट कुठून सुरू करते ते पाहा. मी एकदा एकाच पिक्चरची गोष्ट तिघांकडून ऐकली, बाईनं लग्नापासून सुरू केली, तिच्या पोरानं मोटरसायकलपासून, आणि आजोबांनी शेत विकलं तिथून, जो सीन सिनेमात मिनिटभराचा असेल. ती मिनिटभराची जागा परत जाऊन पाहा, त्यात कॅमेरा कुठे आहे, किती वेळ थांबला, कोणाचं तोंड दाखवलं. म्हणजे लोकांचं पाहणं आणि शॉटचं बनणं दोन्ही जुळते. कोण कुठे बसलं होतं, कोण कुठे हसलं, लाईट कधी गेली, सगळं वहीत त्याच रात्री लिही, सकाळी आठवत नाही. मोबाईलवर एकटं पाहणाऱ्या पोरांनाही घे, ते कुठे पुढे ढकलतात ते विचार, अंगठ्यानं पुढे सरकवलेला सीन हाही एक अभिप्रायच. आणि पहिल्या प्रकरणात स्वतःबद्दल दोन पानं लिही, तू कोण, कोणत्या घरातली, कोणत्या बाजूला बसून सिनेमे पाहिले. संशोधन तटस्थ पाहिजे म्हणून कोणी अडवलं तर पासंगाची गोष्ट सांग.

शेवटी तू विचारलंस की मार्गदर्शक म्हणतात लोकांची उत्तरं प्रमाण मराठीत करून टाका, वाचणाऱ्याला अडचण नको. माझं ऐकशील तर नको करू. खाली तळटीपेत अर्थ दे पाहिजे तर. त्या बाईचं वाक्य मी एकदा पेपरात सुधारून छापलं होतं, "दुसऱ्या दिवशी ती निंदणीच्या कामावर रुजू झाली हे दाखवलं नाही", असं. छापून आल्यावर वाचलं तर वाटलं, कोणी दुसरीच बाई बोलून राहिली, जिला कुठेतरी नोकरी आहे.

तिचं वाक्य "निंदाले गेली" असंच ठेव.